सुभेदारांचा चा-चा-चा

बातमीदाराच्या डोक्यात दोन कप्पे असतात. एकात छापून आलेलं असतं, ते दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. दुसऱ्यात डेस्कने कापलेलं असतं, ते जन्मभर साचत राहतं. दिल्लीत इतकी वर्षं घासली मी. सरकारं आली, पडली, मी रकानेच्या रकाने खरडले. त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. पण करोल बागेत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी चा-चा-चा या नाचाचा जो क्लास भरायचा, त्यातलं काय वाट्टेल ते विचारा!

चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "यार, तो सुभेदारांचा किस्सा सांग ना." अरे, एक आहे का? एक सांगायला घेतला की मागून दुसरा ढकलतो. तेव्हा आज सगळेच सांगते. हसायचं तिथे खुशाल हसा. पण "मराठी माणसं आणि बॉलरूम डान्स, काय हा तमाशा" असल्या थाटात कुणी हसलं, तर माझ्याशी गाठ आहे. आधीच सांगून ठेवते.

* * *

सुरुवात देशपांड्यांमुळे झाली.

देशपांडे केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. कापडचोपड, हातमाग असली खाती सांभाळणारा सज्जन माणूस. एके दिवशी त्यांच्या कानावर आलं की लॅटिन अमेरिकेतल्या कुठल्याशा दूतावासात त्यांची बदली होणार. माणूस हरखला. पण ऑफिसातल्या एकाने त्यांना घाबरवून सोडलं. म्हणे, "देशपांडेजी, वहाँ फाइल टेबलपे नहीं, डान्स फ्लोअरपे क्लिअर होती है!"

देशपांड्यांचा नाचाचा अनुभव म्हणजे शाळेतलं लेझीम. ते धावत मंडळात आले. "कुणीतरी मला चा-चा-चा शिकवा हो!"

मंडळात हे कुणाला येणार? तर सुभेदार पवारांना. सुभेदार मूळचे सातारा जिल्ह्यातले, पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून रिटायर झालेले. पलटणीचा बँड सकाळी परेडवर वाजायचा आणि संध्याकाळी ऑफिसर्स मेसच्या पार्ट्यांत. त्यामुळे सुभेदारांना चा-चा-चाच्या सगळ्या चाली पाठ, आणि स्टेप्सही.

हॉलसाठी अध्यक्षांची परवानगी हवी. अध्यक्ष अभ्यंकर, रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घरी तबला वाजवणारे आणि मंडळ म्हणजे संस्कृतीचं शेवटचं स्टेशन समजणारे. त्यांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न टाकला, "यात स्त्री-पुरुष हात धरतात का?"

सुभेदार सरळ माणूस. म्हणाले, "हातांचं मला माहीत नाही साहेब. मी पाय शिकवतो."

अभ्यंकरांनी चष्मा वर सरकवला. "मग हरकत नाही. पाय शिकवा!"

क्लास सुरू झाला. देशपांडे बायकोलाही बरोबर आणून घाम गाळून शिकले. बघता बघता आणखी दहाबारा जण जमले. काही कारकून, काही नवऱ्याला घरी ठेवून आलेल्या बायका, कॅन्टोन्मेंटमधली दोनचार कॉलेजची पोरं. आणि मी. मी बातमीला म्हणून गेले आणि अडकले. पुरुष कमी, त्यामुळे मला कायम पुरुषाची बाजू. ऑफिसातही तेच करत होते, जड गेलं नाही.

मग देशपांड्यांची ऑर्डर आली. बदली झाली होती, पण लॅटिन अमेरिकेला नाही. पानिपतला! तिथल्या हातमागाच्या ऑफिसात.

सुभेदारांनी देशपांड्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, पानिपतला चाललाय. मागे यायची स्टेप तेवढी पक्की करून जा!"

* * *

सुभेदारांची शिकवण्याची पद्धत परेडची. "क्लास, नजर खाली! दोन, तीन, चा-चा-चा!" 'नजर खाली' हा पहिला धडा. आम्ही सगळे जण एकमेकांची पावलं बघत नाचायचो. जोडीदाराचा चेहरा बघायला सक्त मनाई.

एकदा न राहवून विचारलं, "सुभेदार, ही स्टेप तुम्ही शिकलात कुणाकडून?"

"स्टँडखालून," ते म्हणाले.

स्टँड म्हणजे नोटेशनचा कागद ठेवायची घोडी. मेसमध्ये बँडवाल्यांना हुकूम असायचा, म्हणे, की साहेब लोक आणि त्यांच्या बायका नाचत असताना नजर वर करायची नाही. कागदावर ठेवायची. "आता कागद किती दिवस बघणार ताई? पाठ झाला. मग नजर जायची कुठे? घोडीच्या खाली. तिथे पाय!"

माझं डोकं तडकलं. "म्हणजे स्वतंत्र देशात, तुमच्याच वाजवण्यावर लोक नाचणार, आणि तुम्ही त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही? तुम्ही ऐकून कसं घेतलंत?"

सुभेदार म्हणाले, "ताई, नाच शिकायला लोक पैसे मोजतात. मला बसल्या जागी पगार देऊन दाखवला."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला. "एकच राहिलं बघा. आख्खी नोकरी दुसऱ्यांच्या बायका नाचताना वाजवत राहिलो. एकदा माझ्या बायकोबरोबर मला नाचायचंय. लोकांदेखत."

बायको तिथेच होती. पार्वतीकाकू. हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसलेल्या. दिल्लीच्या थंडीत मटार स्वस्त होतात तेव्हा आख्खं शहर मटार सोलत असतं. काकू सुभेदारांबरोबर दर शनिवारी यायच्या, पण क्लासकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, अशा तिरक्या बसायच्या.

क्लास संपला की सुभेदार त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे. हात पुढे करून म्हणायचे, "येतेस?"

पहिल्यांदा हे मी बघितलं तेव्हा काकूंनी मान वर केली नाही. मटाराची शेंग टचकन फोडली आणि म्हणाल्या, "हात एकदा दिलाय लग्नात. दर शनिवारी काय द्यायचा!"

* * *

पुढचं भांडण तालाचं. आणि भांडण असलं की मला वास लागतोच.

अभ्यंकर एकदा तपासणीला आले. 'पाहणी' म्हणायचे ते, पण होती तपासणीच. थोडा वेळ बघून म्हणाले, "पवार, तुमचा ताल चुकतोय. पाऊल 'एक'वर पडलं पाहिजे. तुम्ही 'दोन'वर सुरू करताय."

"दोनवरच सुरू होतो साहेब."

"असं कसं? एक कुठे गेला?"

"एक शेवटी येतो."

"शेवटी? पवार, मी रेल्वेत होतो. आमच्याकडेही इंजिन पुढेच असतं!"

सुभेदारांनी वाद घातला नाही. टेप लावली आणि नुसते बोटांनी मोजत राहिले. दोन, तीन, मग चा-चा-चा. चौथ्या मात्रेवर पहिला चा, चौथी आणि पहिली यांच्या मध्ये दुसरा, आणि तिसरा चा बरोबर 'एक'वर.

अभ्यंकरांचा हात नकळत मांडीवर गेला. बोटं तबल्यासारखी चालायला लागली. एकदा, दोनदा. आणि मग चेहरा असा उजळला की मी आजवर एकाही मंत्र्याचा शपथविधीला तसा बघितलेला नाही.

"अहो, समेवर येतोय हा! तीनदा तेच आणि शेवटचं समेवर! ही तर तिहाई झाली!"

"असेल साहेब."

"असेल काय, आहे! हा नाच आपलाच आहे. कधीतरी तिकडे गेला असणार."

मी उसळले. "अध्यक्षमहाराज, पुरावा? कुठला माणूस, कुठल्या बोटीने गेला?"

"बाई, तुम्ही सगळीकडे पुरावा मागता. कान आहेत ना?"

त्या दिवसापासून मंडळाच्या फळ्यावर 'चा-चा-चा (पाश्चात्त्य)' होतं, त्यातला कंस पुसला गेला. मी आयुष्यात इतकी भारतीयत्वाची प्रमाणपत्रं वाटली जाताना बघितली, पण तीन पावलांवर मिळालेलं हे एकच!

* * *

पण अभ्यंकरांनी माझ्या डोक्यात किडा सोडला. खरंच, हा नाच आला कुठून?

त्याच सुमारास साखरेवर एक पत्रकार परिषद होती. क्युबाहून एक साखरतज्ज्ञ आला होता. उसाला साखरेचा उतारा किती, मळी किती, सगळे खाली मान घालून लिहीत होते. "कोई और सवाल?" झालं आणि मी हात वर केला. "सर, चा-चा-चा कुठून आला?"

हॉलभर हशा. आयोजकांनी डोळे वटारले. मी बसले नाही. मला बसवणारा आयोजक अजून जन्माला यायचाय.

साखरतज्ज्ञ मात्र उठला! कोट काढला, तिथल्या तिथे पावलं टाकली. खाली गालिचा. तो वैतागून म्हणाला, "इथे नाही सांगता येणार." आणि मला व्हरांड्यात घेऊन गेला, तिथे नुसती फरशी होती.

त्याने बूट घासत पावलं टाकली. दोन, तीन, आणि मग फरशीवर तळव्यांचा तो आवाज. चा. चा. चा.

"ऐकलंत?" तो म्हणाला. हवानात म्हणे एक व्हायोलिनवाला होता, पन्नासच्या दशकात. त्या वेळी मांबो नावाचा नाच जोरात होता, पण साध्या लोकांना त्याचा आडवा ताल पकडता येईना. त्याने बघितलं, लोक चुकतात. म्हणून त्याने चाल सोपी केली. लोकांना जमायला लागलं, सगळे एकदम नाचायला लागले, आणि शेवटच्या तीन पावलांना आख्ख्या हॉलच्या बुटांचा एकच आवाज यायला लागला. "नाव त्याने ठेवलं नाही, मॅडम. पायांनी ठेवलं."

लोकांना जमत नाही म्हणून वरच्याने आपली चाल बदलली! आमच्या दिल्लीत असं झाल्याची एक बातमी मला द्या, मी पहिल्या पानावर लावते.

मग लायब्ररीत बसून मी आणखी मागे गेले. मांबोच्या आधी दान्सोन, त्याच्या आधी आणखी काही. जाणकार म्हणतात, मुळात इंग्लंडातल्या खेड्यांतला एक साधा नाच. तो फ्रान्सच्या दरबारात गेला, तिथून हैतीच्या उसाच्या मळ्यांवर, तिथून क्युबाला. वाटेत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी त्यात आपले ढोल घातले. शेवटी एक लंडनचा मास्तर क्युबात जाऊन हे बघून आला, त्याने स्टेप्स कापूनकुपून पुस्तकात बसवल्या, त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. आणि तिथून जगभरच्या क्लबांत, कॅन्टोन्मेंटात.

शनिवारी हे सगळं मी क्लासमध्ये तावातावाने सांगितलं. "म्हणजे बघा! इंग्रजांचीच वस्तू, जगभर फिरून इंग्रजांकडेच परत. आणि ज्यांनी त्यात जीव ओतला, त्यांचं नाव कुठेच नाही!"

सगळे गंभीर. कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, "शेजारी वाटी पाठवली की रिकामी कुठे परत येते? कुणी साखर घालतं, कुणी लोणचं." आणि शेंग फोडत, "वाटी मात्र ज्याची त्याचीच म्हणायची. लोणचं कुणाचं, ते कोण विचारतंय!"

सुभेदारांनी संधी साधली. हात पुढे. "मग येतेस?"

"मटार संपू देत!"

* * *

ही सगळी हकिगत मी लिहून काढली. झकास झाली होती. डेस्कवर आमचे शर्माजी होते. शर्माजींच्या हातातली कात्री जन्मताच मिळाली असावी, इतकी त्यांच्या हाताला चिकटलेली.

रविवारी पेपर उघडला. माझा लेख फोटोखालच्या दोन ओळींएवढा उरला होता. हवाना नाही, व्हायोलिनवाला नाही, उसाचे मळे नाहीत. आणि फोटो? भांगड्याचा!

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये. "शर्माजी, ये क्या है?"

"अरे मॅडम, क्युबा का फोटो फाइल में था नहीं. और डान्स तो डान्स होता है, क्या फर्क पडता है?"

"अच्छा? तो कल आपकी फोटो छापकर नीचे प्रधानमंत्री लिख दूँ? आदमी तो आदमी होता है, क्या फर्क पडता है?"

शर्माजी जराही चिडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "लिख दीजिए मॅडम. शिकायत मेरी तरफ से नहीं आएगी!"

* * *

मी बातमीदार आहे, एका सोर्सवर विश्वास ठेवत नाही. सुभेदार शिकवतात ते बरोबर आहे का, याची खात्री करायला मी मिस पिंटोंना घेऊन आले.

मिस पिंटो पहाडगंजला राहायच्या. मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठी फर्डं. तरुणपणी बेळगावला कॅन्टोन्मेंटच्या पार्ट्यांत नाचलेल्या आणि पुढे दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या एका दुकानाच्या माडीवर नाच शिकवून निवृत्त झालेल्या. काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, "हं, दाखवा."

टेप लागली. आम्ही सगळे जीव तोडून नाचलो. नजर खाली, पावलं बरोबर, हात दोन्ही बाजूंना ताठ, अंगठे पँटच्या शिवणीवर. साड्यांना शिवण नसते, तरी आमचेही तिथेच.

गाणं संपलं. मिस पिंटोंनी काठी फरशीवर आपटली. मग म्हणाल्या, "देवा रे! पाय हवानाचे आणि हात छब्बीस जानेवारीचे!"

सुभेदार कसनुसे झाले. "बाईसाहेब, हात मी बघितलेच नाहीत कधी."

"मग उठायलाच लागतंय मला." मिस पिंटोंनी काठी माझ्याकडे दिली, सुभेदारांसमोर उभ्या राहिल्या, पण त्यांचा हात धरायच्या आधी नुसती स्टेप करून दाखवली. दोन, तीन, चा-चा-चा.

सुभेदार खाली बघत होते. नेहमीप्रमाणेच.

"तुम्ही डावी टाच उचलून टाकता," ते म्हणाले. "बेळगावची मेस. बँडच्या अगदी पुढ्यात नाचायचात. शेवटचं गाणं झालं की बूट काढून हातात घ्यायचात."

मिस पिंटो एक पाऊल मागे सरकल्या. "तू... तुम्ही मला ओळखता?"

"नाही बाईसाहेब. चेहरा आज बघतोय!"

मला आजही कळत नाही, त्या क्षणी मला हसू आलं होतं की रडू. मिस पिंटोंनी सुभेदारांचा हात धरला, दुसरा आपल्या पाठीवर ठेवून घेतला, आणि हात कसे धरायचे ते शिकवलं. सुभेदार त्यातही खालीच बघत राहिले. सवय!

कोपऱ्यात मटार सोलणं थांबलं होतं. काकू पहिल्यांदाच सरळ क्लासकडे तोंड करून बसल्या होत्या.

घरी जाताना मी काडी टाकून बघितली. "काकू, सुभेदारांनी दुसऱ्या बाईचा हात धरला. राग नाही आला?"

"राग कशाचा?" काकू म्हणाल्या. "धरता कुठे येतोय त्यांना!"

* * *

आणखी एक. हा छोटा आहे, पण गाळला तर पुढचं कळणार नाही.

थंडीतला शनिवार, सहालाच अंधार. आम्ही नाचतोय आणि बिजली गुल! टेप घरघरत बंद पडली. हॉलमध्ये मिट्ट काळोख.

"कुणी थांबायचं नाही!" सुभेदार ओरडले. "बँड थांबला तरी पाय थांबत नाहीत. दोन, तीन..."

आम्ही अंधारात नाचत राहिलो. आणि तेव्हा मी तो आवाज ऐकला, साखरवाल्याने व्हरांड्यात ऐकवलेला. गाणं नाही, काही नाही, नुसती आमची पावलं फरशीवर. चा. चा. चा.

मग लक्षात आलं की एक आवाज वेगळा आहे. आमचे बूट, चपला घासल्याचे आवाज हॉलच्या मध्यावर. हा कोपऱ्यातून येत होता. आणि प्रत्येक पावलाला फरशीवर धातूची बारीक टिचकी. जोडव्यांची वाजते तशी.

सुभेदारांनीही ऐकलं असावं. ते मोजायचे थांबले. आम्ही पण थांबलो. कोपऱ्यातली पावलं आणखी एकदा पडली, आणि मग तीही थांबली.

बिजली आली. काकू खुर्चीत, परात मांडीवर, हातात शेंग. जशाच्या तशा.

"काकू, तुम्ही..." मी सुरुवात केली.

"मी काय? मटार सोलतेय की!"

मी परातीत डोकावले. दाणे दिवे जायच्या आधी होते तेवढेच होते.

* * *

आता शेवटचा.

संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात क्लासचा आयटम ठेवायचं ठरलं. मिस पिंटोंनी सगळ्यांना हात धरायला शिकवलं होतं. तालमीला अभ्यंकर आले आणि दारातच थबकले.

"हे काय? हात?"

"साहेब, हातांशिवाय हा नाच होत नाही," मिस पिंटो म्हणाल्या.

"तिहाईत हात कुठे धरतात?"

मी तुटून पडले. समितीच्या बैठकीत जाऊन भांडले. संसदेतही मी इतकी बडबडले नसेन, तिथे निदान गॅलरीत गप्प बसावं लागतं. शेवटी अभ्यंकरांनी तोडगा काढला. "जे पती-पत्नी आहेत, त्यांनी हात धरावेत. बाकीच्यांनी आपापले हात आपापल्याजवळ ठेवून मागे साथ करावी. आणि एकही दांपत्य नसेल, तर आयटम रद्द. क्लासला हॉलही पुढे देता येणार नाही."

आमच्या क्लासात जोडप्याने शिकलेलं कोण? फक्त देशपांडे पती-पत्नी. त्यांना पानिपतला निरोप गेला. दोघं आनंदाने तयार. सुट्टी काढून ट्रेनने निघाले.

आणि त्या दिवशी धुकं पडलं. दिल्लीचं जानेवारीतलं धुकं, समोरचा माणूस दिसत नाही, तर ट्रेन कुठली येते? हॉल भरला, नाट्यगीतं झाली, बाळगोपाळांच्या नकला झाल्या. देशपांड्यांचा पत्ता नाही. ट्रेन मध्येच कुठेतरी उभी.

सुभेदार नवा कोट घालून स्टेजच्या बाजूला उभे होते. बूट असे चकाकत होते की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. अभ्यंकरांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना खूण केली.

सुभेदार माइकपाशी गेले. दोन्ही हात ताठ, अंगठे शिवणीवर. "मंडळी, आमच्या क्लासचा आयटम होता. जोडपं पोहोचलं नाही, म्हणून..."

पुढच्या रांगेत खुर्ची सरकली.

पार्वतीकाकू उठल्या होत्या. मांडीवरची तिळगुळाची पिशवी त्यांनी शेजारणीकडे दिली. हात पदराला पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि आधी अभ्यंकरांकडे वळल्या.

"अध्यक्ष, आमचं लग्न लागलंय. चालेल ना?"

अभ्यंकरांनी मान हलवली. मिस पिंटोंनी स्वतः जाऊन टेप लावली.

सुभेदार अजून सावधानमध्येच. काकूंनी त्यांचा उजवा हात उचलला आणि आपल्या पाठीवर ठेवला, मिस पिंटोंनी ठेवला होता बरोबर तिथे. दुसरा आपल्या हातात घेतला. गाणं सुरू झालं. 'एक' गेला, आणि 'दोन'वर काकूंचं पाऊल पडलं. दोन, तीन, चा-चा-चा. जोडव्यांची बारीक टिचकी थेट माइकमधून आख्ख्या हॉलला ऐकू येत होती.

एकही पाऊल चुकत नव्हतं. काकूंचंही नाही, सुभेदारांचंही नाही. सुभेदार मान खाली घालून काकूंच्या पावलांकडे बघत होते, जसे आख्खी नोकरी बघत आले तसे.

काकू जरा जवळ सरकल्या. हळूच बोलल्या, पण माइक चालू होता.

"पाय पुरे झाले. आता वर बघा."

सुभेदारांनी वर बघितलं.

आणि त्यांची स्टेप चुकली!